कुणी चोरू नये असा दिवा

चरबीचा दिवा करायचं मी ठरवलं ते एवढ्याचसाठी, की तो कुणी चोरणार नाही. हे कारण मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी माझ्याकडे आधी कौतुकाने पाहिलं, आणि दिवे लागल्यावर पाहणंच सोडून दिलं. पुढे कितीतरी दिवस ते जिन्यात भेटले की नाक धरून नमस्कार करत. एका हाताचा नमस्कार माणसाला किती लागतो ते ज्याला केला जातो त्यालाच कळतं.

आमच्या इमारतीचा जिना तिच्या पोटातून वर चढतो. बाहेरच्या भिंतीशी त्याची ओळख नाही. खिडकी नाही, झरोका नाही. भर दुपारीसुद्धा तिथे अंधार मांडी घालून बसलेला असतो, आणि प्रत्येक मजल्यावरचा बल्ब त्याला जरा दटावून ठेवतो. एका वादळात कोपऱ्यावरचा विजेचा खांब आडवा झाला, गल्लीची वीज गेली, आणि त्या अंधाराने निवांत पाय पसरले.

खांबाचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं, कारण मी हवामान कचेरीत आहे. रोजचं हवामानपत्रक मी लिहितो. वाऱ्याची दिशा वरून येते. तिला माणसांत बसण्याजोगे कपडे मी घालतो. वादळाच्या दिवशीच्या पत्रकात ‘वारा मंद राहील’ असं स्वच्छ अक्षरात छापलं होतं. वाऱ्याच्या ते वाचनात आलं नसावं. त्यातून मी इमारतीचा सेक्रेटरी. म्हणजे दुसरं कुणीच तयार नव्हतं म्हणून एकमताने निवडून आलेला. तेव्हा वादळही माझं आणि जिनाही माझा.

तेही मी सोसलं असतं. टोमणे ऐकून घेण्याचा मला सराव आहे. छत्री न नेल्यामुळे भिजलेली माणसं वर्षानुवर्षं माझ्या दारात येऊन उभी राहिली आहेत. पण वर, चौथ्या मजल्यावर, खिडकीपाशी माझी लेक बसली होती. तिचे दिवस भरले होते. जावई बोटीवर नोकरीला, कुठल्यातरी समुद्राच्या मध्यावर. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, की बाळ पोटात आडवं आहे, घरी काही करण्याच्या भानगडीत पडू नका, कळा सुरू झाल्या की तडक दवाखाना गाठा. आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाल्या होत्या, “जिन्यात पाय घसरता कामा नये. एवढं एक सांभाळा.”

एवढं एकच मला सांभाळायचं होतं. लेकीला स्वतःची पावलं दिसत नव्हती. पोट आड यायचं. ती खिडकीतून खाली पाहायची आणि हसून म्हणायची, बाबा, माझे पाय तिकडे खाली आहेत ना, जरा बघून सांगा.

मी विजेच्या कचेरीत गेलो. तिथे कळलं की खांबाचा पाय त्यांच्या विभागात आहे, पण डोकं पडलंय ते शेजारच्या विभागात. पायवाले म्हणाले, आता खांब आडवा आहे, म्हणजे बहुतांशी तो त्यांचा. डोकंवाले म्हणाले, उभा होता तेव्हा कुणाचा होता ते आधी ठरवा. शेवटी एका भल्या माणसाने मधला मार्ग काढला. खांब वादळाने पडला असा हवामान कचेरीचा दाखला आणा, मग तो कुणाचाही असो, आम्ही उचलतो. माझा जीव भांड्यात पडला. हवामान कचेरी म्हणजे माझं घरच. मी आमच्या साहेबांसमोर उभा राहिलो. साहेबांनी त्या दिवशीचं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. वारा मंद राहील. “पत्रकात वादळ नाही,” साहेब म्हणाले, “मग दाखला कशाचा देऊ?” मी म्हटलं, साहेब, खांब पडलाय. ते म्हणाले, खांब हा आपल्या खात्याचा विषय नाही.

तेव्हा उजेड आपणच करायचा असं ठरलं. पहिल्या संध्याकाळी मी जिन्याच्या प्रत्येक वळणावर मेणबत्ती लावली. तळाशी पोचून वर पाहिलं तर वरच्या गेल्या होत्या. वर धावलो तर खालच्या गेल्या. प्रत्येक दाराच्या फटीतून मंद, ओळखीचा उजेड येत होता. माझी मेणबत्ती मी कुठेही ओळखेन; पण दार वाजवून ‘ही माझी’ कसं म्हणणार? उलट आतूनच आवाज यायचे, सेक्रेटरी, जिन्यात उजेड का नाही हो? दुसऱ्या दिवशी बाजारातल्या मेणबत्त्या संपल्या. गोड्या तेलाचे दिवे लावले, तर तेल गेलं आणि वाट्याही गेल्या.

तळमजल्यावर एक निवृत्त इंजिनिअरसाहेब राहतात. त्यांनी उभ्या आयुष्यात पूल बांधले. आता बांधायला काही उरलं नाही, म्हणून माणसाला हाताशी धरून सल्ले बांधतात. चोरीला न जाणारा दिवा कसा करावा यावर आम्ही दोघांनी बराच खल केला, आणि पूर्वी लोक जनावराच्या चरबीचे दिवे जाळत हे मी कुठेतरी वाचलेलं बोलून गेलो. साहेब ताठ बसले. म्हणाले, उत्तम. त्याचा वास हेच त्याचं कुलूप.

खाटकाकडे मी याआधीही गेलो होतो, पण इतक्या खालच्या आवाजात कधी काही मागितलं नव्हतं. चरबी हवीय म्हटल्यावर त्याने विचारलं, कुत्र्यासाठी? मी म्हटलं, नाही, जिन्यासाठी. त्याने सुरी खाली ठेवली. मागच्या गिऱ्हाइकांनी मला वाट करून दिली, जशी आजाऱ्याला करून देतात. त्याने कागदात बांधून दिलेलं गाठोडं एवढं जड होतं, की माझ्या मागे मांजरं लागली आणि मला पळता येईना.

स्वयंपाकघरात हे शिजणार नाही, असं घरातून जाहीर झालं. जाहीर करताना बायकोने आवाज मुळीच चढवला नाही, म्हणून मी वाद घातला नाही. तिने एक जुनं पातेलं काढून दिलं. “परत आणू नका,” म्हणाली. मग गच्चीवर विटा मांडून मी चूल केली, चरबीचे तुकडे पाण्यात घालून उकळत ठेवले आणि ढवळत बसलो. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी घेतला त्यांनी पुरेसं केलं आहे. शेजारच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे भराभर आत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या, तोंडाला पदर लावून पाहत उभ्या राहिल्या, आणि कोण गेलं हो म्हणाल्या. दिव्यांसाठी म्हटल्यावर मात्र त्या खाली जाऊन कप फुटल्यामुळे एकट्या पडलेल्या सगळ्या बश्या घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचं मांजरही आलं. मांजरं माणसासारखी नसतात. त्या दिवसापासून ते मला फार मानू लागलं.

पण वाती लेकीने वळल्या. जुन्या चादरीच्या चिंध्या तिने पोटावर पसरल्या. पोट हाच तिचा पाट झाला होता. एकेक चिंधी ती हलक्या हाताने पिळायची, आणि मधेच आतून धक्का बसला की वात घरंगळून खाली जायची. ती म्हणायची, ह्याला नको आहे वाटतं वात. मी वाकून उचलून द्यायचो. उजेड कुणासाठी करतो आहोत आणि उजेडाच्या मध्ये मध्ये कोण लुडबुड करतं आहे, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

इंजिनिअरसाहेबांनी रचना ठरवून दिली. बशी काठोकाठ भरावी, म्हणजे सारखं घालायला नको. वात बोटभर बाहेर काढावी, म्हणजे ज्योत बशीपासून दूर राहील आणि बशी तडकणार नाही. मी तंतोतंत तसंच केलं. संध्याकाळी वरपासून खालपर्यंत एका आड एक पायरीवर दिवे मांडले आणि लावले.

खोटं कशाला सांगू, फार देखणं दिसलं. वीज झगझगते. ही ज्योत तशी नव्हती. ती पिवळी, जाडसर, झोपेतून उठलेल्या मुलासारखी डोळे चोळत उभी राहायची. जिन्याला पहिल्यांदा चेहरा आला. भिंतीवरचे पोपडे दिसले, कठड्याला लहानपणी लेकीने कोरलेलं फूल दिसलं. लोक नाक धरून बाहेर आले आणि नाक धरूनच उभे राहिले. इंजिनिअरसाहेब खालून वरपर्यंत चढून आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की हे उभ्या गल्लीत व्हायला हवं. आणि एकही दिवा चोरीला गेला नाही. मी त्या रात्री जो झोपलो तो सेक्रेटरी म्हणून नव्हे, राजा म्हणून झोपलो.

सकाळी जिन्यातून एक आवाज आला. आधी ‘अरे’ असा, मग पोतं पडल्यासारखा, मग पुन्हा थोडा खालून ‘अरे’ असा. इंजिनिअरसाहेब दिव्यांची पाहणी करायला वर आले होते आणि आता परत जात होते. मात्र चालत नव्हते.

कंदील बाजारात उरला नव्हता, म्हणून एक बशी पेटवून मी पाहायला गेलो आणि जिथल्या तिथे थिजलो. वात बोटभर बाहेर काढली होती ना? तिने रात्रभर चरबी ओढली. थोडी जाळली आणि बाकीची बशीच्या काठावरून टिपटिप पायरीवर सोडली. दिवे विझले, दगड गारठला, आणि दिव्याच्या प्रत्येक पायरीवर चरबीची साय धरली. गुळगुळीत, पांढरी, माझ्या हाताची साय. ज्या जिन्यात लेकीचा पाय घसरू नये म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्या जिन्यावर आता मुंगीलाही कठडा धरून उतरावं लागलं असतं.

मधल्या वळणावर बसलेल्या इंजिनिअरसाहेबांना मी विचारलं, आता काय करायचं? ते कंबर चोळत होते. म्हणाले, चरबी उष्णतेने वितळते. हे त्यांनी केवळ शास्त्र म्हणून सांगितलं असं ते अजूनही म्हणतात. मी मात्र तो सल्ला समजलो. घरात आंघोळीचं कढत पाणी तयार होतं. मी बादली आणली आणि वरच्या पायरीवरून ओतली.

चरबी वितळली. शास्त्र चुकलं नाही. वितळून ती पाण्याबरोबर पायरी पायरी उतरत, वाटेतल्या चरबीला सोबत घेत, ज्या पायऱ्यांवर दिवे नव्हते त्यांनाही न्हाऊ घालत थेट तळमजल्यापर्यंत गेली. आणि तिथे गार होऊन बसली. आता कोरडी म्हणावी अशी एकही पायरी राहिली नाही. वाटेत इंजिनिअरसाहेब होते, तेही राहिले नाहीत. ते तळमजल्यावर, आपल्या घराच्या दारात सुखरूप पोचले होते.

मी रिकामी बादली घेऊन उभा असतानाच मागून लेकीचा आवाज आला. हाक मोठी नव्हती. लहानपणी स्वप्नातून जागी झाल्यावर मारायची तशी.

“बाबा,” ती म्हणाली, “निघायला हवं.”

ती दाराची चौकट धरून उभी होती. चौकटीवर तिची बोटं पांढरी पडली होती.

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं हा गोंधळाचा अपमान आहे. मावशींनी आपल्या गॅलरीतून ओरडून रस्त्यावरची एक टॅक्सी दाराशी उभी करवली. टॅक्सीवाला दर थोड्या वेळाने भोंगा वाजवायचा, आणि प्रत्येक भोंग्याबरोबर आम्ही वर सगळे एकाच जागी दचकायचो. कुणी म्हणालं, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. मग चौघांचे आठ पाय कुठे ठेवायचे ते सुचेना. एक घसरला तर सगळी वरात खाली. कुणी म्हणालं, पायपुसणी अंथरा. मी एक अंथरून त्यावर पाय ठेवून पाहिला. पायपुसणं माझी वाट न पाहता निघून गेलं आणि खालच्या भिंतीवर जाऊन आदळलं. राख हवी म्हटलं, तर गच्चीवरची माझ्या चुलीची राख वाऱ्याने कधीच नेली होती. वारा त्या दिवशी मंद नव्हता. आग लागली तर असावी म्हणून तळमजल्यावर वाळूची बादली ठेवलेली आहे. तीत मावशींनी रोप लावलं होतं आणि त्याने चांगली मुळं धरली होती. मूठभर वाळू निघाली ती शेवटच्या दोन पायऱ्यांना पुरली.

लेकीला आणखी एक कळ आली. तिने डोळे मिटून ती जाऊ दिली. मग माझ्या बायकोने, जी कालपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, माझ्याकडे पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “पलंगाखालचे गठ्ठे काढा.”

पलंगाखाली माझी पत्रकं होती. नोकरीला लागल्या दिवसापासून रोजचं एक, सुतळीने बांधून, महिन्याचा गठ्ठा वेगळा. खरखरीत, जाड, शाई पिऊन टाकणारा सरकारी कागद. ती रद्दीत घालावी म्हणून आजवर घरात किती लढाया झाल्या ते भिंतींना ठाऊक. या गठ्ठ्यांवरून एखादा माणूस माझ्यामागे या गावच्या ऋतूंचा इतिहास लिहील, असं मी तिला ठणकावून सांगत आलो होतो. आता ती फक्त पाहत होती. खाली भोंगा वाजला.

लेक म्हणाली, “अंथरा बाबा. मला चालेल तुमचं पत्रक.”

मी सुतळ्या तोडल्या. उभं राहून अंथरणं शक्य नव्हतं. मी बसलो, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत, पुढ्यातल्या पायरीवर कागदांचे थर दाबत निघालो. सेक्रेटरी आपल्या जिन्यावरून बुडाने उतरतो आहे हे दृश्य पाहायला प्रत्येक दार उघडलं होतं. पण कुणी हसलं नाही. मावशींनी आपल्या दारातून वाकून एक बशी उचलली, पेटवली आणि हातात धरून उभ्या राहिल्या. ते पाहून वरच्यांनी एक उचलली, खालच्यांनी एक. ज्यांच्या घरात माझ्या मेणबत्त्या होत्या तेही त्या घेऊन बाहेर आले. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. एका हाताने नाक, दुसऱ्या हातात दिवा. वरपासून खालपर्यंत जिन्याला माणसांचा कठडा झाला.

कागद चरबीला धरत होता. आधी चिकटायचा, मग तेलकट डाग वर यायचा, मग थांबायचा. त्यावर लेकीचं पाऊल यायचं. अनवाणी, सुजलेलं, आधी अंगठ्याने चाचपणारं. बायकोने तिला मागून दोन्ही बगलांत धरलं होतं, आणि पावलाचा ताल चुकू नये म्हणून ती गुणगुणायला लागली. दळताकांडताना म्हणावं तसं, जागेवर जुळवलेलं.

“एक पायरी उतर, एक दिवा मागे सोड,
पोटी चंद्र घेऊन गं, अंधाराची खोड मोड.”

पहिल्या चरणाला एक पाऊल, दुसऱ्याला थांबायचं. संपली की पुन्हा तीच. दारातल्या बायका कधी म्हणायला लागल्या ते कळलं नाही. माझ्या हाताखाली जाणारी वर्षं मला दिसत होती. तुरळक सरी. आकाश अंशतः ढगाळ. ती जन्मली तो दिवस. त्या पत्रकात धुकं होतं. हात थांबला. वरून बायको म्हणाली, तेही अंथरा. अंथरलं.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर मावशींचं मांजर आलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला फक्त बशी हवी होती. तिथला दिवा उलटला आणि त्या वळणावरचा उजेड गेला. ओवी तुटली. अंधारात फक्त लेकीचा श्वास ऐकू येत होता, आणि मला कळलं की तिचं एक पाऊल हवेत आहे.

“बाबा,” ती म्हणाली, “पुढची पायरी आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. “मी तिच्यावरच बसलोय.”

ती हसली. कळ येत असतानाही हसली, आणि तिचं पाऊल माझ्या खांद्यावर टेकलं. आम्ही तसेच थांबलो, कुणीतरी दिवा पुढे करेपर्यंत. एवढा वेळ खांद्यावर एवढं वजन मी कधी पेललं नव्हतं आणि ते उतरू नये असं कधी वाटलं नव्हतं. दिवा आला. माझ्या मांडीवर एकच कागद उरला होता, कालपरवाचा, अजून सुतळीत न गेलेला. मी सरकलो आणि तो त्या पायरीवर दाबून बसवला. तिने त्यावर पाऊल ठेवलं. पाऊल राहिलं.

तिथून पुढे खालच्या मजल्यावरच्यांनी आमचं पाहून आपली वर्तमानपत्रं पसरली होती, आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर वाळू होती. तळाशी इंजिनिअरसाहेब एका हाताने कंबर आणि दुसऱ्याने दार धरून उभे होते. त्यांनी टॅक्सीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे असं सांगितलं. आणि हा त्यांचा सल्ला अचूक निघाला. टॅक्सीवाल्याने मला नखशिखांत पाहिलं, वास घेतला, आणि चारही काचा खाली करून गाडी अशी हाकली की डॉक्टरीणबाईंनी नंतर त्याचेच आभार मानले.

बाळ आडवं होतं ते त्यांनी आपल्या कसबाने जगात आणलं. मुलगी. मला आत सोडायला नर्सबाई तयार नव्हत्या. म्हणाल्या, आजोबांनी आधी अंगावरचे कपडे बदलावेत. पण मुलगी रडायची थांबेना. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून हिच्याकडे, सगळ्यांकडे रडली. शेवटी कंटाळून माझ्याकडे दिली. तिने माझ्या त्या सदऱ्यात नाक खुपसलं, एक सुस्कारा टाकला आणि झोपून गेली. त्या वासाबद्दल ज्याची तक्रार नाही असं हे पहिलं माणूस.

दाखलाही मिळाला. सरकारी कागद जिन्यात अंथरल्याची चौकशी करायला आमचे साहेब जातीने आले. पत्रकं तोवर बहुतेक निघाली होती, खालची चरबी मात्र पुरती निघाली नव्हती. साहेब जिथे बसले तिथेच त्यांनी मान्य केलं की त्या दिवशी वादळ झालं असावं. खांब उभा राहिला. जिन्यात बल्ब लागले.

सोडा, साबण आणि खरवडणी घेऊन मी सगळ्या पायऱ्या घासल्या. सगळे कागद निघाले. मांजराने दिवा उलटला त्या वळणाखालचा, शेवटचा, तेवढा निघत नाही. चरबी आणि शाई दगडात अशी मुरली आहेत की अक्षरंच पायरीची झाली आहेत. मी त्यावर पुन्हा एकदा खरवडणी लावली तेव्हा लेक वरून म्हणाली, राहू द्या बाबा. नात आता रांगते. जिना चढताना ती नेमकी त्या पायरीवर थांबते आणि अक्षरांवर तळहात आपटते. येणारेजाणारे नमस्कार करून, अलीकडे दोन्ही हातांनी, पायाखालचं वाचून मग पुढे जातात.

‘वारा मंद राहील.’ खात्याच्या इतक्या अंदाजांत हा एकच असा, की ज्याच्यावर अजून कुणाचा पाय घसरलेला नाही.